सवतीच्या लुगड्याचा वास

परवा दौंडच्या दवाखान्यात खाटेवर पडलेल्या भिवानं माझा पदर नाकाशी धरला. "आये, ह्या वासानं बरं वाटतंय बघ." साठी ओलांडलेला माझा लेक.

मला निमोण्याच्या बिजवराला दिलं तेव्हा भिवा आठ महिन्यांचा होता. त्याची आई, बिजवराची पहिली बायको, गेल्यापासून तो दूध तोंडात धरत नव्हता, नुसती काडी झाली होती. घरी मेंढरं होती. त्याच आठवड्यात एका मेंढीचं कोकरू मेलं. सासऱ्यांनी त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं आणि त्याला त्या मेंढीबरोबर कोपऱ्यात कोंडलं. मेंढीनं हुंगलं, परत हुंगलं आणि त्याला पिऊ दिलं.

सासूबाई ते बघत होत्या. आत जाऊन त्यांनी गाठोड्यातून मेलेल्या सवतीचं न धुतलेलं लुगडं काढलं. "नेस पोरी. पोरगं जगंल."

आंबलेलं दूध, धूर, परका घाम. माझा जीव गुदमरला. भिवानं मात्र पदरात नाक खुपसलं आणि तो वाटीभर दूध प्यायला.

"आता सोडू का, आत्याबाई?" मी सासूबाईंना विचारलं.

"सोडू नगंस. धुऊ बी नगंस."

चार दिवसांनी सासऱ्यांनी कोकराच्या पाठीवरचं कातडं सोडलं. मेंढीला ते आता आपलं वाटत होतं. दारातून बघताना वाटलं, आता माझंही सुटेल.

ते लुगडं मी विरेपर्यंत नेसले. तोवर तो वास माझ्याच अंगात मुरला होता. भिवाला आवडणारा वास मुळात कुणाचा, हे त्याला कधी सांगितलं नाही. आणि माझा स्वतःचा कसा होता, ते मलाही आता आठवत नाही.