रेडेमास्तर

रेडेमास्तर नाकाने ऐकत. कान त्यांना होतेच, चांगले सुपाएवढे होते. पण कुठलाही आवाज आला की आधी त्यांचं नाक वर चढे, मग ओठाचा डावा कोपरा खाली येई आणि मग निकाल बाहेर पडे. देवळातली घंटा असो, शाळेतली प्रार्थना असो नाहीतर आमच्या वकीलसाहेबांचं भाषण असो, निकाल बहुधा ठरलेला. "वाजतंय खरं, पन सुरात न्हाई." आमच्या प्रार्थनेचा निकाल त्यांनी मला, म्हणजे ती बसवणाऱ्या शिक्षकालाच, भोरच्या भर बाजारात सांगितला होता. हातात कोथिंबिरीची जुडी धरून मी तो ऐकून घेतला.

मास्तर मूळचे हिर्डोशीचे. तरुणपणी डोंगर उतरून भोरला आले आणि संस्थानच्या बँडात लागले. तिथल्या गोवेकर बँडमास्तराने यांची उंची पाहून यांच्या हाती डबल बास दिला. सारंगीचा थोरला चुलता म्हणावा असं ते वाद्य, पुरुषभर उंच, उभ्याने गजाने वाजवायचं. आवाज इतका खोल की पहिल्यांदा ऐकणारा माणूस मागे वळून बघे, कुणाचा रेडा सुटला म्हणून. त्यावरून गावाने त्यांना नाव ठेवलं. तोंडावर 'मास्तर', पाठीमागे 'रेडेमास्तर'. त्यांना ते ठाऊक होतं. "रेड्याला निदान खालचा सा लागतो," ते म्हणत, "तुमच्या गावात त्यो बी कुनाला लागत न्हाई."

संस्थान विलीन झालं आणि बँड मोडला. कर्णे, ढोल, बासऱ्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. बास मात्र कुणालाच नको होता, कारण तो कुणाच्याच दारातून आत जाईना. मास्तरांनी स्वतःच्या घराची चौकट काढली, बास आत घेतला आणि चौकट परत बसवली. पोटासाठी ते भाताच्या गिरणीत लागले. एकदा गिरणीच्या मालकाने नवं इंजिन दाखवायला आम्हा चार प्रतिष्ठितांना बोलावलं. आम्ही माना डोलावत होतो. मास्तर एका बाजूला भिंतीला तळहात लावून उभे होते. "मालक, थांबवा ते. आत काय तरी सैल झालंय," ते म्हणाले. मालक हसला, मग आम्हीही हसलो. आठवड्याच्या आत इंजिनाचं बेअरिंग फुटलं. मालकाने मास्तरांनाच झापलं, म्हणाला, तुमच्या अभद्र तोंडानंच फुटलं.

आता आमच्या नाट्यमंडळाविषयी. मंडळ हौशी होतं. हौस भरपूर होती आणि तेवढ्यावरच आमचं भागत असे. वकीलसाहेब अध्यक्ष, मी चिटणीस. वकीलसाहेब नाटकंही स्वतःच लिहीत. त्या वर्षीच्या त्यांच्या संगीत नाटकात नायिका तीनदा विष घेत होती आणि त्यांतल्या दोनदा मरत होती. हे मी त्यांना दाखवून दिलं नाही. चिटणीस नेमतात तो सभेची पत्रकं लिहायला, असं मी स्वतःला समजावलं होतं.

आमचं थिएटर म्हणजे धान्याचं जुनं गोदाम. एका टोकाला फळ्यांचा रंगमंच आणि त्याच्यापुढे वादकांसाठी कमरेइतका खोल खड्डा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपे, म्हणून सुताराने त्याच्या तळालाही फळ्या ठोकल्या होत्या आणि लाकूड वाचवायला खड्ड्याचा आणि रंगमंचाचा सांगाडा एकच केला होता. तिथे ऑर्गन, तबला आणि मास्तरांचा बास असे; त्याच्यासाठी मास्तर दर नाटकाला घरची चौकट काढत. पुण्याच्या नाटकांतही बास नसतो, आमच्याकडे आहे, एवढ्याच कारणासाठी वकीलसाहेबांनी तो घेतला होता.

त्या वर्षी कर्णेशेठ मंडळात आले. बाजारपेठेतले कापडवाले. त्यांनी पुण्याहून ॲम्प्लिफायर, मायक्रोफोन आणि कपाटाएवढी स्पीकरची पेटी आणली होती. पेटीला हार घातला, नारळ फोडला. यंत्रातलं त्यांना बटण तेवढं कळत होतं, तेही पिळायचं कुठल्या बाजूला हे मधूनमधून विसरत. पेटी त्यांनी रंगमंचाच्या कडेला सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि मायक्रोफोन लोखंडी दांडीवर बरोबर मधोमध उभा केला.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. मामलेदारसाहेब यायचे होते. सकाळी रंगीत तालीम सुरू झाली. नायिका म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. मंडळात खरोखर गाणारं तेवढं एकच माणूस. बाईंनी पहिलं पद उचललं, मास्तरांनी गज ओढला आणि पेटीतून 'घूंऽऽ' असा आवाज निघाला. तो थांबेना. उलट वाढत गेला, इतका की बाईंचं तोंड हलताना दिसत होतं आणि गाणं ऐकू येत नव्हतं. पत्रे थरथरायला लागले. कर्णेशेठने घाईने बटण पिळलं, ते उलट्या बाजूला. विंगेत विषाचा पेला घेऊन उभ्या असलेल्या खलनायकाने पेला टाकून कान धरले.

"तो रेडा बाहेर काढा आधी!" वकीलसाहेब ओरडले.

मास्तरांच्या तोंडावर ते नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. खड्ड्यात तबलजी खाली बघू लागला. मास्तरांनी गज खाली ठेवला. त्यांनी बास उचलला, खांद्यावर घेतला, पायऱ्या चढून अंगणात नेला, भिंतीला टेकवला आणि रिकाम्या हातांनी परत आले.

"बाई, म्हना आता," ते म्हणाले.

बाई गाऊ लागल्या, तबल्याचा डग्गा घुमला आणि पेटी पुन्हा बोंबलली. तीच बोंब, तोच सूर.

"बघा! बाहेर ठेवला तरी त्रास देतोय," वकीलसाहेब म्हणाले. हा माणूस कोर्टात उभा राहून लोकांची बाजू मांडत असे.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते रंगमंचावर चढले. "शेठ, बटनाचा हात काढा. म्या सांगतो तवाच लावा." मग त्यांनी एकेक गोष्ट करायला सुरुवात केली. पेटीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. घूं थोडा कमी झाला, पण गेला नाही. डग्ग्यावर रुमाल टाकला. घूं उशिरा आला, पण आला. मग त्यांनी मायक्रोफोनची दांडी धरली आणि वीतभर वर उचलली. आवाज कापल्यासारखा बंद. दांडी फळीवर टेकवली, आवाज सुरू. उचलली, बंद. असं त्यांनी चार वेळा केलं, आमच्यासारख्या मठ्ठ मुलांना पाढा शिकवावा तसं.

मग ते गुडघ्यांवर बसले आणि फळीवर तळहात ठेवला. "गुरुजी, हितं हात लावा."

मी लावला. फळी आजारी माणसासारखी कापत होती.

"पेटी फळीवर, दांडी फळीवर, खाली आमी फळीवर. पेटी बोलती ते फळीतनं दांडीत चढतंय, दांडीतनं पुन्यांदा पेटीत. सोताचंच बोलनं सोता ऐकून मोठी हुतीया," मास्तर म्हणाले. मग वकीलसाहेबांकडे नाक करून पुढे म्हणाले, "मानसात बी असत्यात असली."

पेटी त्यांनी तबलजीच्या मदतीने खाली जमिनीवर उतरवली, तांदळाच्या कोंड्याच्या दोन पोत्यांवर. मग स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढली. वेल्ह्याकडच्या धनगराने विणलेली, जाड, काळी, मेंढीचा वास येणारी. तिची चौपदरी घडी घालून त्यांनी ती दांडीखाली सारली. अंगणातून बास आणला, खड्ड्यात उभे राहिले आणि सगळ्यात खालची तार पूर्ण गज ओढून वाजवली. पेटी गप्प. बाई गायल्या. त्या सकाळी मी त्यांचा आवाज पहिल्यांदाच धड ऐकला, आणि त्याच्याखाली बास असा चालला होता, जसा नदीच्या पाण्याखाली खडक असतो.

"रंगभूमीवर घोंगडं!" वकीलसाहेब म्हणाले. "मामलेदारसाहेब काय म्हणतील?"

"ते राहू दे," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "नाहीतर चार वाजता तुम्हीच गा."

घोंगडी राहिली. प्रयोग उत्तम झाला. नायिका तिसऱ्यांदा विष प्याली तेव्हा बायका रडल्या. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. दुपारीच मी ते लिहून ठेवलं होतं आणि त्यात मास्तरांचं नाव होतं, चांगली दोन वाक्यं होती. वकीलसाहेबांनी मध्यंतरात कागद मागून घेतला, त्या दोन वाक्यांवर लाल पेन्सिल ओढली आणि म्हणाले, "गिरणीतल्या गड्याचे आभार पाहुण्यांपुढे कशाला? शेठचं नाव वाढवा." मी शेठचं नाव वाढवलं. व्यासपीठावर उभा राहून मी मामलेदारांचे, सुताराचे, शेठच्या अद्ययावत यंत्राचे आणि फुलं देणाऱ्या माळ्याचेही आभार मानले. मास्तर माझ्यापासून चार हातांवर खड्ड्यात उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही. ते गजाचे केस सैल करत होते.

पुढच्या महिन्यात मंडळाने ठराव केला की खड्ड्यात जागा अपुरी पडते, सबब बास बंद करावा. घूं कशामुळे होत होता हे त्या सकाळी तालमीला असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. पण शेठ देणगीदार होते, आणि आपलं यंत्र गिरणीतल्या गड्याने ठीक केलं ही गोष्ट त्यांना झोपू देत नव्हती. निरोप पोहोचवायचं काम चिटणिसाचं. गिरणीत मास्तर पोत्याचं तोंड शिवत होते.

"चिट्ठी आनलीया का तोंडी हाय?" त्यांनी विचारलं.

"तोंडी."

"मंग तुमीच सांगताय म्हना की."

मी ठराव कुणी मांडला ते सांगू लागलो. ते सुतळी ओढत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ठराव मांडनाऱ्याचं तोंड मला ठाव हाय. मी तुमचं बघत हुतो."

भातलावणीच्या आधी ते गिरणी सोडून हिर्डोशीला गेले. घराची चौकट पुन्हा काढली. बैलगाडीत पेंढा घालून त्यावर बास आडवा निजवला, वरून तीच घोंगडी पांघरली. पोचवायला नर्सबाई आल्या होत्या. मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं.

पुढच्या नाटकाला दांडीखाली शेठच्या दुकानातलं जरीचं वस्त्र अंथरलं होतं आणि पेटी परत कडेला, हारासकट. बास नव्हता. पहिल्याच पदाला पेटी अशी हंबरली की मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "रेडा गेला पन रेकनं ठिवून गेला!" प्रेक्षक हसत सुटले. पडदा पाडावा लागला. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब म्हणाले, "त्या माणसाला बोलवा. तुम्ही जा."

एसटी जिथवर जाई तिथवर गेलो, उरलेली वाट चाललो. मास्तर नाचणीच्या वाफ्यात वाकले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाठ सरळ केली.

"माझं काय काम हाय तिथं? कुठल्या बी धनगराची घोंगडी टाका, पेटी खाली उतरवा. तुमी तर हात लावून बघितलं हुतं."

"हो."

"मंग त्या ठरावाच्या टायमाला बोलला हुता का?"

"नाही."

"आन् आता कसं बोलनार?"

त्यांनी मला घरी नेलं. मास्तरांच्या पत्नीने नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. बास घरात कोपऱ्यात उभा होता, त्याच्या गळ्यात लसणाची जुडी अडकवलेली. परत निघालो तेव्हा मास्तर सडकेपर्यंत सोडायला आले. एसटी बराच वेळ आली नाही. आम्ही दरीकडे तोंड करून उभे होतो.

"गुरुजी," ते एकदम म्हणाले, "तुमचा आवाज बरा हाय. कवा तरी वापरा."

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. आभाराच्या कागदावरून कुणाचं नाव गेलं, ते कुणी खोडलं आणि कुणी निमूट वाचलं, हे सांगितलं. घूं कशाचा होता तेही सांगितलं. शेठ उठून गेले. वकीलसाहेब म्हणाले, "पुढचा विषय." मी चिटणीसपद सोडलं, ते घ्यायला दोघं टपलेलेच होते. माझ्या बोलण्याने कुणाचं काही बदललं नाही. पेटी तेवढी जमिनीवर उतरली आणि दांडीखाली घोंगडी आली, तेही नर्सबाईंनी पुन्हा गायचं नाकारल्यावर.

दिवाळीच्या सुट्टीत मी हिर्डोशीला गेलो, मुद्दाम हे सांगायला. मास्तर भाताच्या खळ्यावर बसले होते. मी सभेतलं सगळं अगदी शब्दाला शब्द सांगितलं. शाबासकीची आशा नव्हती असं म्हटलं तर खोटं होईल. त्यांचं नाक हळूहळू वर चढलं.

"ऐकाया किती जन हुते?"

"सात."

"आभार मानताना?"

"चारशे तरी असतील."

मास्तरांनी खळ्यावरचा दाणा उचलून दाताखाली फोडला.

"मंग अजून तीनशे त्र्यान्नव ऱ्हायलं की," ते म्हणाले.