अकरावा रकाना

उत्तमराव माणूस खरा, पण खरेपणाचा त्यांना माज होता, हे आधीच सांगून टाकतो. राजापेठेतल्या घराच्या बैठकीत बसून गेली अठरा वर्षं ते समाजाच्या वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका काढत होते. पाचशे-सहाशे मुलामुलींचे फॉर्म, पण खोटी ओळ एक छापतील तर शपथ! वय दोन वर्षांनी चोरलेलं त्यांच्या नजरेतून सुटत नसे. गेल्याच महिन्यात अकोटच्या नत्थुजींनी घटस्फोट झालेल्या लेकीचा फॉर्म 'प्रथम विवाह' म्हणून भरून पाठवला. उत्तमरावांनी तो परत केला, वर फोनवर त्यांना चांगलं फैलावर घेतलं.

आज पाच वाजेपर्यंत पुस्तिका अकोल्याच्या छापखान्यात पाठवायची होती. रविवारी मेळावा. सगळे फॉर्म आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, ते काम त्यांच्या मुलीचं, आचलचं. पानं लावायचा कॉम्प्युटर बैठकीत, तो उत्तमरावांचा. दोन्ही वायरने जोडलेले. इकडे बटण दाबलं की तिकडच्या फाइली इकडे येत. आज दाबलं तर पडद्यावर एकच ओळ, 'कनेक्शन नाकारले'.

"मायबीन, याले आजच मुहूर्त भेटला!" उत्तमराव करवादले. वायर काढून फुंकर मारली, परत खोचली. राउटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. आत जाऊन पाहिलं तर तिथला पडदा पासवर्ड मागत होता, आणि नेहमीचा पासवर्ड घेत नव्हता. आचल शिकवणीच्या क्लासवर, फोन उचलेना. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या अमोलला फोन लावला.

"काका, मी सांगतो ते टाइप करा," अमोल म्हणाला. "तिकडून उत्तर येऊन राहिलं का?"

"चार ओळी आल्या न बापा."

"मंग मशीन चालू हाय, वायरबी बरोबर हाय. बिघाड नाई हा. फाइली देणारं जे असते न, ते कोनं तरी हातानं बंद केलं. पासवर्डबी बदलला म्हणता. घरात कोन हाय दुसरं?"

उत्तमरावांनी फोन ठेवला. घरात दुसरं कोण असणार? आणि का केलं, तेही त्यांना त्याच क्षणी कळलं. आचल दोन वर्षांपूर्वी अचलपूरच्या सासरहून आठ महिन्यांत परत आली होती. मागच्या वर्षी घटस्फोटाचे कागद झाले. आणि गेल्या बुधवारी ती क्लासवर असताना, तिला न विचारता, उत्तमरावांनी तिच्याच कॉम्प्युटरवर बसून तिचा फॉर्म भरला होता. प्रथम विवाह.

पावणेचारला आचल आली. खांद्यावरची बॅगही उतरवली नाही तिने.

"बंद तू केलं?" त्यांनी विचारलं.

"हो, मीच केलं."

"अवं, पाचशे लोकायचं काम अडलं! तुह्या भल्यासाठीच..."

"नत्थुजीची पोरगीबी कोणाची तरी पोरगीच होती न बाबा? तिचा फॉर्म परत पाठवतानी मीच लिफाफ्यावर पत्ता लिहिला होता." आचलचा आवाज चढला नाही, त्यानेच उत्तमराव जास्त घाबरले. "मले छापाचं असन त खरं छापा. नाई त काढून टाका."

ती आत गेली, दोन मिनिटांत फाइली भराभर इकडे आल्या. उत्तमरावांनी लेकीचा फॉर्म उघडला. लाजेने कान तापले होते. त्यांनी 'प्रथम विवाह' खोडून 'घटस्फोटित' लिहिलं. लिहिताच खाली अकरावा रकाना उघडला, घटस्फोटाचे कारण. हा रकाना त्यांनीच अठरा वर्षांपूर्वी घातला होता, आणि सक्तीचा केला होता. भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे.

ते रकान्याकडे पाहत बसले. काय लिहावं? त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं पोरगी त्याच घरात जेवत होती, आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. लोकांच्या लेकींना मात्र ते दरसाल विचारत आले होते, तेही फॉर्मवर.

साडेचारला छापखान्याचा फोन वाजला. त्यांनी वाजू दिला. उठून आतल्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"आचल," ते म्हणाले, "तू परत काहून आली होतीस वं?"

तिने मान वर केली. "फॉर्मसाठी विचारता?"

"नाई वं माय. मले सांग."

आचलने खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले. "बसा मंग," ती म्हणाली. "वेळ लागन."