तळ्याची हळद

ते लग्न मला आजही लख्ख आठवते. शीळफाट्याजवळच्या एका गावातून खबऱ्याचा फोन आला, "साहेब, तळ्यावर लगीन लागतंय. मांडव पडला, पण नवरा-नवरीचा पत्ता नाय!"

"सकाळी सकाळी घेतलीस काय रे?" मी विचारले.

खबर पक्की निघाली. गावच्या तळ्यात एका बिल्डरचे डंपर भराव टाकत होते. अर्जविनंत्या करून थकलेल्या बायकांनी काठावर मांडव घातला, तळ्यालाच नवरी केले आणि हळद लावायला बसल्या. पुढे धवलारीण, म्हणजे लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी म्हातारी. हळदीच्या मांडवात गाडी घालायची ड्रायव्हरांची छाती होईना. बंदोबस्तावरच्या माझ्या शिपायांच्याही गालाला हळद लागली होती!

मग बिल्डरचा सुपरवायझर फिर्याद घेऊन आला. म्हातारीने गाण्यातून चिथावले, बायकांनी धावत येऊन दगडांनी डंपरची काच फोडली, म्हणे. वरून फोनवर फोन सुरू झाले. म्हातारीला अटक झाली की मांडव उठणार आणि मांडव उठला की तळे बुजणार, हे मलाही कळत होते.

तिला पोलीस स्टेशनला बोलावले. हात कोपरापर्यंत पिवळे. माझ्या टेबलावर पंजा टेकवून म्हणाली, "सायेब, तलं आमची पोर हाय. पोरीच्या हलदीन कोनी दगर मारतंय का?"

ती बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर टेबल पुसायला घेतले, तर डाग निघेना. तिथेच माझी ट्यूब पेटली. पंचनाम्यात जप्त केलेले दगड मागवले. एकावरही पिवळा ठिपका नव्हता.

सुपरवायझरला समोर बसवले. "बायका मांडवातून थेट आल्या?"

"हो साहेब, हातसुद्धा धुतले नाय. मी बघितलेलं ना!"

मी हळद कालवून आणायला सांगितली, तिच्यात हात बुडवला आणि अंगणातला एक दगड उचलून त्याच्यापुढे ठेवला. पिवळाधमक! शेजारी त्याचे कोरे दगड मांडले. त्याने हात जोडले.

"साहेब, काच मीच फोडली. शेठनी सांगितलेलं."

खोट्या फिर्यादीची कारवाई त्याच्यावर आणि शेठवर झाली. म्हातारीला मी स्वतः जीपने मांडवात सोडले, तेव्हा बायकांनी धवला असा उचलला की माझ्या अंगावर काटा आला. पुढे महसूल खात्याने भरावही उपसायला लावला.

घोषणा देणारा जमाव कसा पांगवायचा, हे आम्हाला शिकवलेले असते. हळदीला बसलेला गाव पांगवता येत नाही, हे मला त्या बायकांनी शिकवले. तळ्याला दरवर्षी हळद लागते. पोलिसांना सगळेच 'मामा' म्हणतात. मला त्या गावातून आमंत्रण येते, ते नवरीचा मामा म्हणून.