माथेरानच्या थंडीत पांढरी पडलेली बोटं

पौषात माथेरानला जायचा हट्ट वन्संचा. माझ्या यजमानांची ही बहीण मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. मी त्याच शाळेत शिवण शिकवते. मला मात्र थंडीचं नाव नको होतं. दोन हिवाळे गारठ्यात माझ्या बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडत होती, बधिर होत होती. आमच्या गल्लीतल्या एका बाईंना महारोग झाला तेव्हा त्यांच्या घरचं पाणीही कुणी पीत नसे. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. म्हणून मी घरात कुणालाच काही बोलले नव्हते. लोकरीचे हातमोजे विणले आणि निघाले.

पुण्याहून सकाळची गाडी घ्यावी, म्हणजे घाट उजेडात दिसतो. कर्जतला चहा मिळाला, नेरळला छोटी गाडी. तिच्या डब्यात जागा बेताची, तेव्हा ट्रंक नेऊ नका, वळकटी पुरे. वर पोचल्यावर घोडा किंवा माणसांनी ओढायची रिक्षा. आम्ही पायीच गेलो. बाजारामागच्या खाणावळीत आमटी-भात गरम आणि पोटभर मिळाला. गाद्या मात्र ओलसर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूनं पायवाटेनं खाली निघालो. वाट उभी, लाल मातीची. वहाणा घसरतात, काठी हवीच. झऱ्यावर तांब्या भरताना माझे मोजे भिजले. थोड्याच वेळात बोटं पांढरी, मग निळसर झाली. अर्ध्या उतारावर डोंगरातल्या ठाकर लोकांची चार घरं लागली. अंगणात शेकोटी होती. मी धावत जाऊन हात निखाऱ्यांवर धरले, तशी तिथल्या म्हातारीनं मनगट धरून मागं ओढलं.

"आगीवर नको गं बाय! तुला कळायचं नाय आन् कातडं भाजंल. काखंत धर."

मी हात काखेत घट्ट दाबून बसले. तिनं आपलं घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलं. हळूहळू बोटं लाल झाली आणि असा ठणका सुरू झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"दुखतं?" तिनं विचारलं.

"फार."

"मग बरं हाय. जीव आला त्यात."

वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. "वहिनी, हे कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि एकटीनं सोसलंत?" त्या रागावल्या होत्या, आणि रडतही होत्या.

चौकातून कर्जतला जायला बैलगाडी ठरवली. रस्ता धुळीचा, खडखडाटाचा, पण दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं आणि वर डोंगर. कर्जतला पोचताच वन्संनी मला दहिवलीच्या वाटेवरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला डोळे मिटायला सांगून सुईच्या टोकानं एकेक बोट टोचलं. "कुठलं?" मी दहाही बरोबर सांगितली. मग हातांवर, कानांवर कुठं चट्टा आहे का तेही पाहिलं.

"बाई, हा महारोग नव्हे," ते म्हणाले. "गारठ्यानं बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतात. रक्त पोचत नाही म्हणून पांढरी, परत आलं की ठणका. गार पाण्यात हात घालू नका, आणि नुसते हात नव्हे, सगळं अंग उबेत ठेवा. कुठं जखम झाली, काळं पडलं, तर लगेच या."

वन्संनी माझे दोन्ही हात आपल्या शालीत घेतले, आणि परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत तसेच धरून ठेवले.

त्या दिशेला थंडीत जाणाऱ्यांनी मोज्यांचे दोन जोड न्यावेत. माझी बोटं अजूनही पांढरी पडतात, दुखतात. पण दुखायला लागली की मला आता भीती वाटत नाही. घरी आल्या संध्याकाळी यजमानांना सगळं सांगितलं. ते उठले, बंबातलं कढत पाणी धुण्याच्या बादलीतल्या गार पाण्यात ओतलं, स्वतः हात घालून पाहिलं आणि म्हणाले, "एवढं चालेल ना?"