काढून टाकलेलं नाव

माझं लग्नाआधीचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की तुम्हीही मत द्याल, आणि त्या नावावरची मतं ऐकून माझे कान किटलेत. एवढंच सांगते की ते जुनं होतं, माझ्या पणजीचं होतं आणि मला फार आवडायचं. जवळा बाजारच्या आसपासच्या खेड्यांत त्या नावाच्या म्हाताऱ्या पुष्कळ होत्या, पोरगी मी एकटीच.

नव्वदच्या आगेमागे लग्न होऊन मी हट्ट्याला आले. सासूबाईंना नाव पटलं नव्हतं. म्हातारीचं वाटतं म्हणाल्या. अक्षता पडल्यावर ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव काढलं, बायकांनी पेढे वाटले, झालं. नवं नाव सिनेमातलं, गुळगुळीत. त्या साली आमच्या गल्लीत त्याच नावाच्या आणखी दोन सुना आल्या होत्या. हापशावर कुणी हाक मारली की तिघी वळायचो, आणि तिघींनाही वाटायचं, आपल्याला नसेल. रीतच होती, म्हणून मी तोंड उघडलं नाही. पण कार्यातून परत निघताना आपली चप्पल कुणीतरी घालून गेलेलं असतं आणि आपण दुसऱ्याची घालून घरी येतो ना, तसं मला कितीतरी दिवस वाटायचं. चालता येतं, पण आपली नसते.

मग लेक झाली, माहेरी. तिला कुशीत घेतलं आणि ठरवूनच टाकलं की हिला माझं नाव द्यायचं. ते कुठंतरी कुणीतरी हाकेत घेतलं पाहिजे. माझ्यामागं ते मरून जायला नको होतं मला.

आईजवळ बोलले आणि बोलून फसले. दोन दिवसांत गावभर झालं. बाळाला बघायला येणारी प्रत्येक बाई टोपडं-झबलं देताना सोबत एक मतही देऊन जायची. शेजारची काकू म्हणाली, जुन्या नावाचं लेकरू दणकट निघतं, पण पुढं सोयरीक जमायला तकलीफ होते. भावाला टीव्हीवरच्या मालिकेतलं नाव हवं होतं. शाळेतले गुरुजी म्हणाले की नाव छोटं असावं, हजेरी पटकन उरकते. त्यांना पोरीपेक्षा हजेरीची काळजी. नवरा आला, बाळाला मांडीवर घेऊन पुष्कळ वेळ बसला आणि जाताना म्हणाला, आईला विचारावं लागेल. त्याला स्वतःचं मत असतं तर ते तांदळाच्या ताटातच दिसलं असतं. आई बाजेखाली ओव्याची धुरी देता देता रोज एकच सांगायची, बाळंतिणीनं डोक्याला ताप करून घेऊ नये. सगळं ऐकून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी.

बारशाला सासरची माणसं जीप करून आली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या नणंदेचा. ती वसमतहून दोन नावं ठरवून आली होती, दोन्हींत ‘क्ष’. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. नणंद बाळाच्या कानाशी वाकली, तिच्या पाठीत धपाटे घालायला बायका हात उगारून उभ्या राहिल्या, आणि मी म्हणाले, थांबा. नाव मी सांगते.

सांगितलं. उगारलेले हात तसेच राहिले. माझ्या आईनं कपाळाला हात लावला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “आईचं नाव लेकीला असतं व्हय कुठं?”

आमच्याकडं सासूला मामी म्हणतात. मी बोलूनच टाकलं. “मामी, माझं नाव तर तुमी ठेवलेलं हाय. हे तुमी काढून टाकलं. टाकलेलं मी उचललं, त्यात कुणाचं काय गेलं?”

मला वाटलं आता त्या उठतील आणि सगळ्यांना घेऊन जीपमध्ये बसतील. पण त्यांनी पदर सारखा केला आणि नणंदेला म्हणाल्या, “घे बाई तेच. घुगऱ्या गार होऊन राहिल्या.”

नणंदेनं ते नाव कानात सांगितलं. धपाटे जरा जास्तच जोरात पडले असावेत.

हट्ट्याला आल्यावर सासूबाई पोरीला महिनाभर नुसतं बबडी म्हणाल्या. मग एक दिवस नाव जिभेवर आलं आणि असं बसलं की विचारू नका. न्हाऊ घालताना तेच, भरवताना तेच, ओसरीवरून हाक मारताना शेवटचं अक्षर लांबवून तेच. मी भाकरी थापत असायची आणि माझे हात थांबायचे. हाक मला नाही हे कळायला क्षणभर लागायचं. खरं सांगते, मला हेवा वाटायचा, माझ्याच लेकराचा. मला कधी त्यांनी असं बोलावलं नव्हतं. माझं नवं नाव त्या घ्यायच्या ते पाणी आण म्हणायला किंवा दूध उतू गेलं म्हणायला.

दुसरीत असताना पोरगी शाळेतून रडत आली. पोरं तिला म्हातारी म्हणायची. काहून ठेवलं असलं नाव, असं तिनं भांडून विचारलं. मी काही बोलायच्या आत आजीनं तिला जवळ ओढलं आणि म्हणाली की तुझ्या वर्गात एकाच नावाच्या किती पोरी हायेत बघ. गुरुजींनी एकीला हाक मारली की दोन उठत असतील. तुझं नाव घेतलं तर दुसरं कुणी उठतं का? पोरीनं डोळे पुसले आणि म्हणाली, न्हाई. मला चुलीपुढं बसून रागही आला आणि हसूही. तीन सुना हापशावर वळायच्या ते कुणामुळं, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. पोरगी गप्प झाली होती, तेवढं पुरे होतं.

बारावीनंतर लेक नांदेडला शिकायला गेली आणि घर एकदम मुकं झालं. ते नाव घ्यायला आता कारणच उरलं नाही. सणासुदीला ती आली की तेवढ्यापुरतं. सासूबाई तोवर थकल्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली की त्या लिंबाखाली बाज टाकून शेळ्या हाकलत बसायच्या.

अशाच एका दुपारी त्यांनी हाक मारली. तेच नाव, शेवटचं अक्षर लांबवून. मी पीठ मळत होते. म्हातारपणी विसरत असतील म्हणून आतूनच सांगितलं की मामी, ती घरी न्हाई, नांदेडला हाय, शनिवारी येईल.

“ठाऊक हाय मला,” त्या म्हणाल्या. “तुलाच बोलवून राहिले. ये, बस जराशी.”

मी पिठाच्या हातांनी तशीच बाहेर गेले.