मोहिते सरांचा उभा अक्ष

मोहिते सरांना मी प्रथम पाहिले ते विमानतळालगतच्या हरणीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत, गणिताच्या रिकाम्या वर्गात. उतरत्या विमानाची सावली फळ्यावरून सरकत होती आणि ती जाईपर्यंत सर खडू धरून थांबले होते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजीची नवी बाई. मला वाटले, हे उभ्याउभ्या झोपलेत. "बसा बाई, घाई नाही," ते म्हणाले. तो वर्ग अजून माझ्या स्वप्नात येतो.

आलेखातले अक्ष आणि त्यांवरचे आकडे शाईने, रेघ पेन्सिलने, असा सरांचा दंडक होता. "रेघ चुकली तर खोडा. आकडे सोयीनं बदलायचे नाहीत." एका मुलीने विचारले, "सर, नेहमी शून्यापासूनच?"

"तापाचा आलेख शून्यापासून काढलास, तर तू फणफणलेली असशील आणि रेघ सपाट. कुठून सुरू केलंस ते मात्र ठळक लिही."

पुढे विश्वस्तांनी मराठी माध्यमाचे वर्ग बंद करायचे ठरवले. सभेत अध्यक्षांनी पडद्यावर पटसंख्येची रेघ दाखवली; कड्यावरून कोसळावी तशी. "जुओ बेन, सीधुं खाडामां," ते मला गुजरातीत म्हणाले. सरळ खड्ड्यात! उभा अक्ष सर्वांत कमी पटाच्या जेमतेम खालून सुरू केलेला आणि आकडे मुंगीएवढे. शुद्ध लबाडी. आजही माझे डोके तापते.

सरांनी तोच पट फळ्यावर शून्यापासून मांडला. संध्याकाळी गच्चीवर पतंग उतरवावा तशी रेघ हळूहळू खाली आली. गेल्या वर्षाची घट मात्र त्यांनी गडद केली.

"ती कशाला?" मी चिडून कुजबुजले. "तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"आपल्याच. मुली कमी झाल्यात ते आपणच सांगू. मग उरलेल्याही दिसतील."

अध्यक्ष बराच वेळ रेघेखालच्या जागेकडे पाहत राहिले. पडद्यावर हीच जागा कापली गेली होती. "आटली बधी छोकरीओ छे?" त्यांनी विचारले. इतक्या मुली आहेत, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हते. वर्ग टिकले.

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सर शहरातल्या मांडवीहून रिक्षाने येऊन वर्तमानपत्र वाचून दाखवत. आलेख आला की आधी अक्षावरचे आकडे वाचत. डोळ्यावर पट्टी, पंख्याची घरघर, तो संथ आवाज. बातम्या कुठल्या होत्या ते आठवत नाही.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. सोमवारी अजून शिकवायला येतात. जिना चढवत नाही, म्हणून त्यांचा मराठी पहिलीचा वर्ग यंदा तळमजल्यावर आणला आहे, हुकूम अध्यक्षांचाच. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. बाकांवर मुली आहेत. सरांनी येत राहावे.