समोरच्या ओट्यावरची ट्यूब

मुलांनो, जळगावला आमच्या समोर राहणारे भाऊ तुम्हांला आठवणार नाहीत. त्यांना अंधार सोसत नसे. दिवस मावळायच्या आत ओट्यावरची ट्यूब लागे आणि तुमचे आजोबा दिसले की विचारत, "काय आबा, काय उजेड पाडला आज?"

आजोबांच्या जठरात कॅन्सरचा लहानसा डाग निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी शिरेतून एक औषध दिले. दुर्बिणीच्या जांभळ्या प्रकाशात त्या औषधाने डाग चमकला, मग लाल लेसरने त्याच औषधाकरवी तो मारायचा. उपचार तेव्हा अगदी नवा होता. औषध अंगात असेपर्यंत उजेडाने कातडी भाजते, म्हणून नंतर महिनाभर ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे होते.

हे कळताच भाऊंनी ट्यूब काढून ठेवली. मी म्हणाले, "अहो, रस्त्यापलीकडची ट्यूब चालते."

"आसू द्या अक्का. उजेड तो उजेडच शे."

मग रोज संध्याकाळी काळोखात त्यांच्या चपला ओट्यावर येरझारा घालत. चेष्टेचा प्रश्न बंद झाला. त्या चपला मला स्वस्थ बसू देत नसत.

महिन्याने मुंबईला पुन्हा दुर्बीण घातली. परतून तिन्हीसांजेला रिक्षातून उतरलो, तर भाऊ ट्यूब हातात धरून उभे.

आजोबाच म्हणाले, "डाग दिसला नाही. तीन महिन्यांनी परत बघणार आहेत. तोवर तुम्ही जरा उजेड पाडा."

भाऊ स्टुलावर चढले. ट्यूब लागली. चपला मात्र त्या संध्याकाळीही थांबल्या नाहीत.